मदत हवी आहे: गट साधन केंद्राकडून आम्हाला नक्की काय मागता येतं?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून शिक्षणसेवक म्हणजे मानधनावरची नवी शिक्षिका म्हणून लागलेय, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा आदिवासी पट्टा. मी मूळची लातूरकडची त्यामुळे इथली बोली अजून कानात बसायचीय. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि सर मुख्याध्यापकपणाचा चार्ज पण सांभाळतात म्हणजे महिन्यातले बरेच दिवस पंचायत समितीत नाहीतर मोबाईलवर, तेव्हा चारही वर्ग माझेच.

तर विचारायचं असं की डीएडला असताना पुस्तकात वाचलेलं की शाळेला मदत करायला जवळपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, तालुक्याला गट साधन केंद्र असतं, जिल्ह्याला डाएट म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाची संस्था असते. प्रत्यक्षात आमच्या केंद्राचा संबंध फक्त व्हॉट्सॲप ग्रुपपुरता येतो. "आज चार वाजेपर्यंत माहिती पाठवा, निरंक असली तरी पाठवा." केंद्रप्रमुखांकडे अजून दोन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार आहे, माणूस चांगला आहे पण येणार कधी.

माझ्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे दुसरीतला एक मुलगा. मी तोंड मुलांकडे करून बोलले की तो सगळं करतो, फळ्याकडे वळले की लगेच शेजारच्याच्या पाटीत बघतो. मागून हाक मारली तर वळत नाही. डाव्या कानातून अधूनमधून पाणी येतं, आई म्हणते लहानपणापासून आहे. गावात सगळे त्याला "मंद" म्हणून मोकळे झालेत, मला तसं अजिबात वाटत नाही. दुसरी अडचण बोलीची, पहिलीची पोरं माझं मराठी ऐकून नुसती हसतात.

तर ह्यासाठी गट साधन केंद्राकडे काही मागता येतं का? कोणाकडे मागायचं? तोंडी की लेखी? शिक्षणसेवकाने डायरेक्ट तालुक्याला पत्र दिलं तर आगाऊपणा वाटतो का? लांबलं थोडं, सॉरी.

कोकणकडा:

ताई, गट साधन केंद्राकडून तुम्हाला एक्सेल शीट मिळेल. ती भरून परत पाठवायची. बाकी शुभेच्छा 😀

निवृत्त_गुरुजी:

कोकणकडा यांचा वैताग समजू शकतो पण नवीन पोरीला पहिल्याच दिवशी असं सांगू नका हो. मी केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झालोय, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

आधी रचना समजून घ्या म्हणजे कोणत्या दारात काय मिळतं ते कळेल. महाराष्ट्रात केंद्रशाळा सुरू झाल्या १९९४-९५ च्या सुमारास, साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख अशी कल्पना होती, राज्यात ४८६० पदं. कल्पना फार चांगली होती. विस्तार अधिकाऱ्याकडे अख्खं बीट म्हणजे बऱ्याच शाळांचा पट्टा असायचा, तो वर्षातून एखादवेळ तपासणीला यायचा आणि शेरेबुकात लिहून जायचा. केंद्रप्रमुख हा मात्र शिक्षकांतलाच एक, जवळचा, वर्गात बसणारा, पाठ घेऊन दाखवणारा. त्याच सुमारास डीपीईपी म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तुमच्या लातूरसकट मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत आधी, आणि तालुक्याला साधन केंद्रं उभी राहायला लागली. पुढे सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासून समग्र शिक्षा, आता सगळा पैसा त्यातून येतो. डाएट मात्र वेगळं, ते १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून आलेलं, आणि त्याच्या वर पुण्याची एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन नि प्रशिक्षण परिषद.

आता तुमच्या कामाचं. गट साधन केंद्रात कोण बसतं हे बहुतेक शिक्षकांना माहीतच नसतं. गटशिक्षणाधिकारी साहेब सोडून तिथे एकेका विषयात शिक्षकांना मदत करणारे विषय साधनव्यक्ती असतात, समावेशित शिक्षणाचे म्हणजे दिव्यांग मुलांचं बघणारे विशेष शिक्षक असतात, यू-डायस म्हणजे शाळा-मुलांच्या सरकारी ऑनलाइन माहितीचं बघणारा एमआयएसवाला असतो, बांधकामाचा इंजिनीअर असतो. बरेचसे कंत्राटी, वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर, आणि त्यांनाही डेटाच्या कामाला जुंपलेलं असतं. त्यामुळे "केंद्र मदत करत नाही" असं मोघम म्हणून उपयोग नाही, नेमक्या माणसाला नेमकं काम सांगायचं. मुलाच्या कानाचं विशेष शिक्षकाला. बहुवर्ग अध्यापन नि बोली हे भाषेच्या साधनव्यक्तीला, आणि तिथे जमलं नाही तर डाएटच्या अधिव्याख्यात्यांना. वर्गखोली गळते तर इंजिनीअरला.

आणि लेखीच मागा. आगाऊपणा बिगाऊपणा काही नाही. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, केंद्रप्रमुखांमार्फत, गटशिक्षणाधिकाऱ्यांना. जावक नंबर टाका आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मी स्वतः किती विसरायचो ते माझं मला माहीत, रोज दहा शाळांचे फोन.

शिक्षण परिषदेत पण बोला. महिन्याला केंद्राची परिषद होते ना, तिथे निम्मा वेळ परिपत्रक वाचनात जातो कारण दुसरं कोणी काही मांडतच नाही. मुख्याध्यापकांना सांगून विषय आधीच द्या.

कोकणकडा:

गुरुजी, मांडलं होतं की. "पुढच्या परिषदेत घेऊ" म्हणाले आणि पुढच्या परिषदेत आधार अपडेटचा आढावा झाला. केंद्रप्रमुखाचीच एवढी पदं रिकामी असतील तर पाठ घेऊन दाखवणार कोण? ज्याच्याकडे तीन केंद्रं आहेत तो पोस्टमन होणारच. माणसाचा दोष म्हणतच नाहीये मी.

निवृत्त_गुरुजी:

हे मात्र खरं आहे. २०२२ च्या शेवटी निम्मी पदं पदोन्नतीने नि निम्मी परीक्षेने भरायचं ठरलं, मग जाहिरात, मग मुदतवाढ, मग लांबणीवर. त्यात पोरांची वर्षं गेली.

फिरती_बाई:

मी विशेष शिक्षिका आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. पाटीपेन्सिल, तुम्ही जे लिहिलंय ना, फळ्याकडे वळल्यावर पाटीत बघणं, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगतो तेच आहे. मुलगा ओठ वाचतोय. बहुतेक ऐकू कमी येतंय, पण ते ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याची तपासणी) झाल्याशिवाय कोणी ठरवायचं नाही, मी पण नाही.

क्रम असा ठेवा. कानातून पाणी येतंय म्हणजे आधी डॉक्टर, मशीनचा विषय नंतर. कान वाहता असताना श्रवणयंत्र लावत नाहीत. आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य तपासणी योजनेची टीम शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येते, ती येऊन गेली असेल तर कार्ड बघा त्यात काही लिहिलंय का, आली नसेल तर वाट बघू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवा आणि तिथून जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी. त्याच वेळी तालुक्याच्या विशेष शिक्षकाला कळवा, कारण जिल्हा रुग्णालयात आमचा माणूस सोबत असला तर आईबापाला या खिडकीतून त्या खिडकीत फिरावं लागत नाही. हे फार मोठं काम असतं हो, लोकांना वाटतं आम्ही नुसतं रजिस्टर भरतो.

दुसरं, तपासणीत दोष निघाला तर यू-डायसमध्ये मुलाची नोंद दिव्यांग म्हणून झाली पाहिजे. शिक्षक ती करत नाहीत, कारण "कशाला शिक्का मारायचा पोरावर" किंवा "जास्तीच्या माहित्या मागतात". पण पुढचं सगळं त्या आकड्यावर चालतं. समग्र शिक्षेत अशा मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, त्यातून साधनं, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता वगैरे. मुलींना वेगळा प्रोत्साहन भत्ता महिना २०० रुपये. मूल पोर्टलवर दिसलंच नाही तर त्याच्या नावाने मागणी कशी जाणार? मोजमाप शिबिरं होतात, अलिम्को या दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची टीम येते, यंत्रं, व्हीलचेअर, कुबड्या तिथून मिळतात, पण शिबिराची यादी आधीच तयार असते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) याचं काम पण मग लगेच सुरू करा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, श्रवणदोष त्यात आहेच.

आणि हे सगळं होईपर्यंत वर्गात काय? त्याला पुढे बसवा, उजवा कान बरा असेल तर तो तुमच्याकडे येईल असं. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहता का? मग तुमचं तोंड त्याला काळं दिसतं, ओठ दिसत नाहीत. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. फळ्यावर लिहिताना बोलू नका, लिहून झालं की वळून बोला. मोठ्याने ओरडून बोलू नका, त्याने ओठांचा आकार बिघडतो. सूचना दिल्यावर "कळलं का" विचारू नका, तो हो म्हणणार, काय करायचंय ते त्यालाच सांगायला लावा.

पाटीपेन्सिल:

बाप रे, मी खिडकीकडेच पाठ करते, टेबलच तिथे आहे. उद्याच हलवते. फिरती_बाई खूप खूप धन्यवाद.

अजून एक गोष्ट लिहायची राहिली. त्याचे आईवडील दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात, पोराला घेऊन. म्हणजे तपासणी अर्धवट राहणार. अशा वेळी काय करतात?

फिरती_बाई:

मग तपासणी दिवाळीच्या आत बसवा, हाच पहिला उपाय. जायच्या वेळी शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसू देतात. त्यासोबत कानाच्या कागदांची झेरॉक्स पण द्या आणि तिकडच्या तालुक्याच्या विशेष शिक्षकाला फोन करा, आमचे जिल्ह्याचे ग्रुप असतात, नंबर तुमचा विशेष शिक्षक देईल.

वावरातला:

हंगामी वसतिगृह मंजूर होतं का बघा, गावातली बरीच मुलं जात असतील तर. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून प्रस्ताव द्यायचा. समितीत ७५ टक्के पालक असतात पण ठराव लिहितो कोण, तर मुख्याध्यापकच, तेव्हा सरांना धरा. आजी-आजोबांकडे पोरगं राहणार असेल तर सोपं जातं.

मेळघाटची_मैना:

बोलीबद्दल. आमच्याकडे कोरकू. मी पण बाहेरून आलेली, पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. शेवटी डाएटच्या एका मॅडमनी शाळेत बसून जे करून दाखवलं ते ट्रेनिंगच्या कुठल्याही पीपीटीत नव्हतं. त्यांनी पोरांना बाहेर नेलं, झाड, दगड, कोंबडी, चूल, जे दिसेल ते पोरांनी त्यांच्या भाषेत सांगायचं आणि मॅडमनी चुकत चुकत म्हणायचं. पोरं हसून लोळली. मग तेच शब्द भिंतीवर चित्रासकट, खाली मराठी. महिन्याभरात पोरंच आम्हाला दुरुस्त करायला लागली. तुम्हाला हसतायत म्हणजे चांगलं लक्षण आहे, गप्प बसली असती तर काळजी.

हे साधनव्यक्तीकडून मागता येतं, पण "मार्गदर्शन करावे" असं लिहू नका. "अमुक तारखेला शाळेत येऊन पहिलीच्या वर्गावर भाषेचा पाठ घेऊन दाखवावा" असं लिहा. मार्गदर्शन करावे लिहिलं की पीडीएफ येते.

कोकणकडा:

मार्गदर्शन = पीडीएफ, हे फ्रेम करून लावतो 😂

इंग्लिश_मीडियमवाली:

मधेच विचारते, मी विनाअनुदानित शाळेत आहे, आमच्याकडे पण एक असं मूल आहे. गट साधन केंद्र आमच्यासाठी पण असतं का? आमच्या संस्थेला काही विचारलं की म्हणतात ते झेडपीवाल्यांचं.

फिरती_बाई:

शाळेचा निधी नाही मिळणार. पण मुलाची ओळख, रुग्णालयाचा रस्ता, युडीआयडी ह्यात आम्ही नाही म्हणत नाही, आणि तुमची शाळाही यू-डायस भरतेच ना. फोन करा सरळ.

पाटीपेन्सिल:

साहित्यासाठी पैशाचं कसं? भाषा पेटी, गणित पेटी कपाटात आहेत, पण चित्रं, कार्डशीट, स्केचपेन हे मी खिशातून आणतेय. १६ हजारात रूमचं भाडं, गाडीचं पेट्रोल आणि हे. सरांना विचारायला संकोच वाटतो.

निवृत्त_गुरुजी:

संकोच कसला. संयुक्त शाळा अनुदान पटावर म्हणजे मुलांच्या संख्येवर असतं, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर जातो, आणि लाइटबिल, खडू-डस्टर, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातूनच, तेही हप्त्याहप्त्याने आणि बऱ्याचदा मार्चच्या तोंडावर. म्हणून सर हात आखडून असतील. पण अध्ययन साहित्य त्यात बसतं. समितीच्या बैठकीत विषय घ्या, पावत्या जपून ठेवा.

पाटीपेन्सिल:

अपडेट देते. सर तयार झाले, म्हणाले तू मसुदा लिही मी सही करतो. दोन वेगळी पत्रं केली, एक विशेष शिक्षकासाठी, एक भाषेच्या पाठासाठी तारखेसकट. केंद्रप्रमुखांना फोन केला तर ते म्हणाले पत्र द्याच, माझ्याकडे कागद असला की मला पण वर बोलता येतं. तालुक्याच्या विशेष शिक्षकांचा फोन आला, पुढच्या आठवड्यात येतायत, मुलाच्या आईला थांबवून ठेवा म्हणाले. भाषेच्या पत्राचं अजून काही नाही.

फक्त एक घोळ आहे. मुलाचं आडनाव आधारवर वेगळं आणि आमच्या जनरल रजिस्टरला वेगळं आहे. युडीआयडीला अडकेल का? सर म्हणतात रजिस्टरला खाडाखोड करून टाकू.

निवृत्त_गुरुजी:

अजिबात नाही! रजिस्टरला हात लावायचा नाही, त्यात बदलाला वरून मंजुरी लागते, आणि खाडाखोड सापडली की सरांची चौकशी लागेल. मुलाच्या वडिलांच्या कागदांवर काय आहे ते आधी बघा. रजिस्टर बरोबर असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, ते सोपं पडतं.

फिरती_बाई:

आणि आधार दुरुस्तीसाठी कानाची तपासणी थांबवू नका. रुग्णालयाच्या केसपेपरला ते लागत नाही.