सल्ला हवा: मुलग्यांसाठीच्या मांगात (जपानी चित्रकथांत) मुलींनाही काम असलेल्या मालिका सुचवा

सोनटक्का:
नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. वर्षभर घरात मांगाचं वेड आहे. नारुतोपासून सुरुवात झाली, आता डीमन स्लेयर चालू आहे. मी अडवलं नाही. धड्यापलीकडे एक पान न वाचणारा मुलगा आता शनिवार-रविवारात दोन खंड संपवतो, याचा मला आनंदच आहे.

मागच्या रविवारी त्याने शंभर पानी वहीत स्वतःची गोष्ट काढली. पट्टीने आखलेल्या चौकटी, तीन मुलगे आणि एक मुलगी अशी टोळी. मुलगे लढतात. मुलगी प्रत्येक पानावर मागे उभी, दोन्ही हात छातीशी, आणि तोंडाजवळ फुगा: "सांभाळून!" धाकटीने विचारलं, "दादा, ही का नाही लढत?" तो सहज म्हणाला, "ती जखमा बऱ्या करते. मुली तेच करतात." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, जे वाचलं तेच कागदावर उतरलं. पण त्या दिवसापासून धाकटी त्याच्या वहीत डोकावली नाही, आणि ते मला फार लागलं.

लढाया असलेल्या, त्याला आवडतील अशा, पण मुलींना गोष्टीत स्वतःचं काम असलेल्या मालिका हव्या आहेत. अंगप्रदर्शनावरचे विनोद जितके कमी तितकं बरं.

पाणकणीस:
ताई, तुमचा प्रश्न मनापासून पटला. मी कॉलेजपासून हे वाचतेय.

आधी एक गोष्ट. मुलग्यांसाठीच्या मांगाला 'शोनेन' म्हणतात, शब्दाचा अर्थच मुलगा. जपानमध्ये मालिका कोणत्या साप्ताहिकात किंवा मासिकात छापली जाते त्यावरून तिचा गट ठरतो. शोनेन मॅगझिन आणि शोनेन संडे ही साप्ताहिकं १९५९ची, शोनेन जंप १९६८चं. जंपचं ब्रीद मैत्री, परिश्रम, विजय. कोणती मालिका चालू ठेवायची हे ठरवताना वाचकांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांवरची पसंती मोठी मोजली जायची. दर आठवड्याला जेमतेम वीस पानं, त्यात नायकाची लढाई रंगली पाहिजे. मग जागा कुणाची कापली जाते? बहुतेक वेळा मुलीचीच. तिच्या वाट्याला रडणं, काळजी करणं आणि मलमपट्टी उरते.

पण त्याच गटात वेगळं काम करणारेही आहेत. पहिलं नाव फुलमेटल अल्केमिस्ट. लेखिका-चित्रकार हिरोमु अराकावा, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या दुग्धव्यावसायिक कुटुंबातली बाई. शाळा संपल्यावर सात वर्षं घरच्या गोठ्यात राबून मग तोक्योला गेली. मालिका २००१ ते २०१०, एकूण २७ खंड, म्हणजे संपलेली आहे.

यातली विन्री यंत्रांची कारागीर. नायक एडवर्डचा एक हात आणि एक पाय लोखंडी, ते तीच बनवते आणि दुरुस्त करते. ती नसेल तर नायक लढायला उभाच राहू शकत नाही. एका गावात वादळी रात्री डॉक्टर वेळेवर पोचत नाही, तेव्हा अडलेल्या बाईचं बाळंतपण ही पोर करते. पुढे आईबापांचा खुनी तिच्यासमोर येतो आणि ती त्याच्यावर पिस्तूल रोखते. एडवर्ड तिच्या बोटांमधून ते पिस्तूल सोडवून घेतो आणि म्हणतो, तुझे हात मारणारे नाहीत, माणसाला जगवणारे आहेत. बरंच पुढे ती त्याच खुन्याच्या रक्त वाहणाऱ्या हाताला पट्टी बांधते. क्षमा केली असंही म्हणत नाही. आईबाप डॉक्टर होते, ते असते तर त्यांनी हेच केलं असतं, एवढंच तिला ठाऊक असतं.

इथेही मुलगी जखमच बांधतेय, हे बघा. पण केवढा फरक! ती पट्टी तिने विचार करून बांधलेली आहे, आणि त्यापायी तिला काय सोसावं लागलं ते पानापानावर दिसतं.

शिवाय उत्तरेचा किल्ला सांभाळणारी सेनापती ऑलिव्हिए, अचूक नेमबाज रिझा, आणि एडवर्ड व त्याचा भाऊ, दोघांची गुरू इझुमी. नवऱ्यासोबत खाटकाचं दुकान चालवते, आणि कुणी विचारलं तर ठणकावून सांगते, "गृहिणी!"

मात्र दुसऱ्या खंडात एका लहान मुलीचं प्रकरण अतिशय दुःखद आहे. तेवढं तुम्ही आधी वाचून घ्या.

तिसरा माळा:
पाणकणीस यांना अनुमोदन. घरात डीमन स्लेयर आहेच, तर त्यातल्या शिनोबूकडे मुलाचं लक्ष वेधा. राक्षसाची मान तोडण्याइतकं बळ तिच्या मनगटात नसतं, म्हणून ती विस्टेरियाच्या फुलांपासून विष तयार करते. जखमी योद्धे बरे होतात ते तिच्याच वाड्यात. म्हणजे औषध आणि विष, दोन्ही विद्या एकाच बाईकडे. "मुली बऱ्या करतात" म्हणणाऱ्या मुलाला हे विचार करायला लावेल.

निळी शाई:
वन पीस सुचवू का? मला माहीत आहे, नंतरच्या खंडांत बायकांच्या कमरा आणि कपडे जसे काढलेत त्यावर तुम्ही नाराज व्हाल, आणि मीही आहे. तरी नामीची गोष्ट मी सोडू शकत नाही. ती नायकाच्या चाचेनौकेची दिशादर्शक, वारा आणि समुद्र वाचणारी. लहानपणी तिच्या आईला मारणाऱ्या चाच्यासाठी ती आठ वर्षं नकाशे काढते, गाव विकत सोडवायला पैसा पैसा जमवते. फसवणूक झाल्यावर खांद्यावरच्या त्याच्या खुणेत स्वतःच सुरी खुपसत राहते. नायक येऊन तिचा हात धरतो आणि ती पहिल्यांदा कुणाकडे तरी मदत मागते. मी दहावीत वाचलं होतं, अजून ते पान डोळ्यांसमोर आहे.

पाणकणीस:
निळी शाई, नामीबद्दल एकमत. पण १२ वर्षांच्या मुलासोबत घरात ९ वर्षांची मुलगीही हेच खंड उघडणार आहे. बाईचं चित्र कसं काढलंय हेही ती शिकतेच. गोष्टीत मान द्यायचा आणि चित्रात काढून घ्यायचा, हे मला मान्य नाही. म्हणून पहिल्या पाचात मी वन पीस ठेवणार नाही.

सोनटक्का:
सगळ्यांचे आभार. मुलाला विचारलं, तर तो नारुतोतल्या साकुराची बाजू घेऊन भांडला! शत्रूने केस धरले तेव्हा तिने स्वतःच ते कापून सुटका केली, हे त्याने मला पान काढून दाखवलं.

तिसरा माळा:
त्याचं बरोबर आहे, ते पान सुंदरच आहे. त्याला एवढंच विचारा, त्यानंतर किती पानं ती पुढे असते? पुढे ती मोठी वैद्य होते, आपल्या मुठीने जमीन फोडते, तरी गोष्ट तिला पुनःपुन्हा तिच्या तुकडीतल्या सासुकेची वाट बघायला उभी करते. मुलं असले हिशेब आपल्यापेक्षा चोख करतात. त्यालाच मोजू द्या.

माळरान:
आमच्या घरी गोठा आहे, बारा म्हशी. म्हणून माझी शिफारस सिल्व्हर स्पून. ह्याच अराकावांची, २०११ ते २०१९, १५ खंड. लढाई नाही, तरी माझ्या पुतण्याने जेवणावरची वासना सोडून वाचली. सप्पोरोचा शहरी मुलगा शेतकी शाळेत जातो. पहाटे उठून शेण काढणं, हाताने वाढवलेलं डुकराचं पिल्लू शेवटी कापायला जाणं, सगळं खरं.

यातली अकी घोड्यांवर जीव टाकणारी. घरच्यांनी गृहीत धरलेलं की गोठा हीच सांभाळणार. एका बैठकीत ती सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगते की मला घोड्यांचं काम करायचं आहे. आमच्याकडे बहिणीला असं बोलायला मिळालं नाही. आणि जाडजूड तामाको! एका उन्हाळ्यात ती बारीक होते, वर्गातली पोरं तिच्याकडे बघतच राहतात, आणि ती परत पहिल्यासारखी होते. तिचं लक्ष बापाचा मोठा गोठा आपल्या हाती घेण्यावर.

निळी शाई:
फ्रीरेनही घ्या. शोनेन संडेमध्ये २०२० पासून. राक्षसराजाचा पराभव होऊन गेल्यानंतर गोष्ट सुरू होते. फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ (दीर्घायुषी परीवंशातली) जादूगार, सोबतचा माणूस म्हातारा होऊन वारतो आणि मग तिला कळतं की आपण त्याला ओळखलंच नाही. सेरिए, तिची शिष्या फ्लामे, तिची फ्रीरेन, तिची फेर्न, अशी गुरुशिष्यांची अख्खी साखळी बायकांची, आणि त्याचा कुठेही गाजावाजा नाही. शांत आहे, तुमच्या धाकटीलाही झेपेल.

पाणकणीस:
प्रॉमिस्ड नेव्हरलँड दोन वर्षांनी द्या. जंपमधली, २० खंड, नायिका ११ वर्षांची एमा. अनाथाश्रमातून एकट्याने पळण्यापेक्षा सगळ्या भावंडांना घेऊन जायचं, हा हट्ट तिचा आणि अख्खी गोष्ट त्या हट्टावर चालते. पण भयंकर आहे, आत्ता नको. आणि कोणताही खंड घेताना मागच्या कव्हरवरची वयाची खूण बघत जा.

सोनटक्का:
काल फुलमेटलचे पहिले तीन खंड आणले. दुसरा आधी मी वाचला. ते प्रकरण वाचून रात्री झोप लागली नाही, मग सकाळी मुलाला जवळ बसवून आधीच सांगितलं. त्याने ते पान माझ्या शेजारी बसून वाचलं. धाकटीने पहिला खंड नेहमीसारखा डावीकडून उघडला, तर दादाने तिला मांगा उजवीकडून सुरू करायचा असतो ते बोट ठेवून दाखवलं. आता ती विन्रीचा पाना वहीत काढतेय, स्वतःच्या वेगळ्या वहीत.

माळरान, सिल्व्हर स्पूनचा पहिला खंड इथे दुकानात मिळत नाहीये. तुमच्याकडचा महिनाभरासाठी मिळेल का? पाठवणीचा खर्च मी देईन.

माळरान:
पुतण्याला विचारलं. देतो म्हणाला, पण कोपरे दुमडायचे नाहीत अशी अट घातलीय. निरोपात पत्ता कळवा ताई, सोमवारी टाकतो.