झायडेको आणि केजन एकच नव्हे

झायडेको म्हणजे केजन संगीताचंच दुसरं नाव, असं काहींना वाटतं. तसं नाही. दोन्ही अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातली, पण केजन तिथल्या गोऱ्या फ्रेंच भाषकांचं, तर झायडेको तिथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांचं, म्हणजे क्रिओल लोकांचं. त्यात ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, पुरेपूर मुरलेला.

ऐकायचंच तर झायडेकोचा गायक आणि अकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनिएपासून सुरुवात करा. त्याचा १९६५चा अल्बम 'लुईझियाना ब्लूज अँड झायडेको' कसा घडला ते फार बोलकं आहे. आरहूली या रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिस स्ट्राखविट्झना जुनी फ्रेंच गाणी हवी होती, शेनिएला नाचाला लावणारं रिदम अँड ब्लूज. शेवटी तडजोड झाली, निम्मं याचं, निम्मं त्याचं. माझ्या मते त्या ओढाताणीनेच अल्बमला जिवंतपणा आला. एकट्या कुणाच्या मनासारखा झाला असता तर एकसुरी वाटला असता.

आणि शेनिएचा भाऊ क्लीव्हलँड नीट ऐका! नालीदार पत्र्याचं फ्रॉट्वार हे घासून वाजवायचं वाद्य खांद्यांवरून छातीवर अडकवून तो बाटल्यांच्या ओपनरांनी वाजवायचा. त्या खरखरीवरच सगळा ठेका उभा आहे. अकॉर्डियनही आपल्या पेटीसारखं सुरांच्या पट्ट्यांवर वाजणारं, त्यामुळे कान लगेच रुळतो.

दाद मात्र उशिरा मिळाली. शेनिएला ग्रॅमी १९८४ साली, 'आय अ‍ॅम हिअर'साठी. तीनच वर्षांनी तो गेला. १९७५ साली ध्वनिमुद्रित झालेला त्याचा 'बोगालुसा बूगी' हा अल्बम ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये पोचायला तर २०११ उजाडलं. तोही जरूर ऐका, शक्यतो चांगल्या स्पीकरवर.