फ्रँकोनिया रिज, फॉल कलर्स आणि लाँग वीकेंड: बाबांना घेऊन जावं का? सल्ला हवा

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. आम्ही बॉस्टनच्या उत्तरेला राहतो. आई-बाबा नाशिकहून आलेत, २० ऑक्टोबरला परत जाणार. बाबा ६७ वर्षांचे. कळसूबाई सहा-सात वेळा केलंय, अजूनही रोज पाच किलोमीटर चालतात, पण उतरताना डावा गुडघा दुखतो. त्यांनी न्यू हॅम्पशायरच्या फ्रँकोनिया रिज या डोंगरधारेचे फोटो पाहिलेत आणि तेव्हापासून "तेवढं एक दाखव" म्हणून मागे लागलेत. आईला पानगळीचे रंग बघायचेत, फार चालायचं नाहीये.

मला सुट्टी कोलंबस डेच्या (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) लाँग वीकेंडला आहे. सकाळी सातला निघून दहापर्यंत पोचलो तर जमेल का? पार्किंग मिळतं का? आणि बाबांना हा ट्रेक झेपेल का? ज्यांनी केलाय त्यांनी कृपया स्पष्ट सांगा.

न्यू_हॅम्पशायरकर
त्या वीकेंडला दहा वाजता लाफाएट प्लेसला, म्हणजे ट्रेक सुरू होतो तिथे, पार्किंग मिळणार नाही. ते पहाटेच भरतं. त्याच सोमवारी कॅनडात थँक्सगिव्हिंग असतं, त्यामुळे माँट्रियालकडूनही गाड्या येतात. हायवेच्या कडेला गाडी लावू नका, टो करतात. वीकेंडला कॅनन माउंटनच्या पार्किंगपासून शटल असते, तिचं यंदाचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. नॉचमधून (डोंगरांमधल्या खिंडीतून) जाणारा रस्ता दोन्ही बाजूंना एकेकच लेनचा आहे, दुपारी तिथे गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात.

आता ट्रेकबद्दल. लूप जवळजवळ ९ मैलांचा, चढाई एकूण ३,९०० फुटांच्या आसपास. रिजवरच्या लाफाएट शिखराची उंची १,६०० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडी कमीच, पण त्या आकड्यावर जाऊ नका. फॉलिंग वॉटर्स या वाटेने चढायचं आणि ओल्ड ब्राइडल पाथ या वाटेने उतरायचं, ही दिशा बहुतेकांना बरी पडते, कारण धबधब्यांजवळचे ओले, उभे खडक उतरण्यापेक्षा चढायला सोपे. लिटल हेस्टॅक शिखरावर पोचलात की पुढे लिंकन आणि लाफाएट शिखरांपर्यंत पावणेदोन मैल उघडी डोंगरधार आहे, झाड नाही, आडोसा नाही. लाफाएटहून १.१ मैल उतरल्यावर ग्रीनलीफ हट ही ट्रेकर्ससाठीची झोपडी लागते. ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालू असते, पाणी आणि स्वच्छतागृह मिळतं. हटनंतर वाटेत जे उंचवटे येतात त्यांना इथले लोक 'अ‍ॅगनीज' म्हणतात, म्हणजे यातना. तुमच्या बाबांच्या गुडघ्याची खरी परीक्षा तिथे आहे. तिथून खालपर्यंत दगडांवरून उतरणं संपतच नाही.

भूर्जपत्र
ताई, एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. रंग रिजवर नसतात! मेपल, बर्च, बीच ही पानगळीची झाडं खालच्या उतारांवर असतात. वर चढत गेलात की स्प्रूस आणि फर लागतात, ती बारमाही हिरवी, आणि साधारण साडेचार हजार फुटांच्या वर तर झाडंच खुरटत जातात. रिजवरून रंग दिसतात ते खाली, दरीत पसरलेल्या गालिच्यासारखे. ते दृश्य अप्रतिम आहे, मी नाकारत नाही. पण लालभडक मेपलखाली उभं राहायचं असेल, पिवळी पानं हातात घ्यायची असतील, तर त्यासाठी रिज नको.

आईंसाठी आणि बाबांसाठीही माउंट विलर्ड सुचवेन. क्रॉफर्ड नॉचला आहे. जाऊन-येऊन ३.२ मैल, चढाई फक्त ९०० फूट. वाट पूर्वीच्या घोडागाडीच्या रस्त्याची, त्यामुळे चढ सौम्य. माथ्यावरून हिमनदीने कोरलेली संपूर्ण दरी समोर उघडते. आईंना तेवढंही चालायचं नसेल तर नॉर्थ कॉनवेहून क्रॉफर्ड नॉचपर्यंत येणारी पर्यटक रेल्वे आहे, तिचं तिकीट आधी काढून ठेवा.

(बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातलं झाड. त्याची कागदासारखी सुटणारी साल आईंना नक्की दाखवा. सोलू मात्र नका, झाडाला इजा होते.)

सांजवेळ
दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे याच वीकेंडला रिजवर गेलो होतो. साडेदहाला चढायला सुरुवात केली. नवरात्रात कळसूबाईच्या शिड्यांवर जशी रांग लागते, तशी धबधब्यांपाशी रांग होती. लाफाएटवर पोचायला चार वाजले. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. चौघांत एक हेडलॅम्प. माझ्या भावाचा पाय मुरगळला, आणि शेवटचे दोन मैल आम्ही त्याला खांदा देत उतरलो. एका अनोळखी जोडप्याने त्यांचा जादा दिवा आम्हाला दिला नसता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

म्हणून कळकळीने सांगते, प्रत्येकाकडे स्वतःचा हेडलॅम्प असू द्या. फोनच्या दिव्यावर विसंबू नका. पार्किंगमध्ये स्वेटर नको वाटला तरी वर थंडी आणि वारा वेगळाच असतो. लोकरी टोपी, हातमोजे, वाऱ्याचं जॅकेट हवंच. सुती कपडे भिजले की अंगाला चिकटून गारठा वाढवतात, ते टाळा. आदल्या रात्री माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरीचा उंच शिखरांसाठीचा हवामान अंदाज वाचा. शहराचा अंदाज इथे कामाचा नाही.

न्यू_हॅम्पशायरकर
सांजवेळ यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर: राज्याचं 'हाइक सेफ' कार्ड घ्या, एकट्यासाठी २५ डॉलर, कुटुंबासाठी ३५. कार्ड नसेल आणि निष्काळजीपणा झाला असं ठरलं तर शोधकार्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. कार्डाचे पैसे शोध-बचावाच्याच निधीत जातात, म्हणून मी दरवर्षी घेतो.

दगडधोंडे
माझं मत थोडं वेगळं. बाबा नियमित चालणारे आहेत, ६७ हे काही वय नाही. त्यांना सरसकट "नको" म्हणू नका, वाईट वाटेल. आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा काढा, उजाडताना चढायला लागा, दोन काठ्या द्या. धबधब्यांपर्यंत जाऊन अंदाज घ्या. क्लाउडलँड फॉल्स सुमारे ८० फुटांचा आहे आणि भोवती पिवळ्या बर्चची दाटी. तिथून परत फिरलात तरी दिवस वाया जात नाही. मात्र परत फिरायचं कुठे, ते घरीच ठरवून निघा. वर गेल्यावर कुणाचंच मन वळत नाही.

आणि वर गेलात तर दगडांनी आखलेल्या वाटेबाहेर पाय ठेवू नका. तिथली इवलीशी झुडपं तुडवली गेली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. गर्दीत समोरून माणूस आला की लोक सरळ त्या झुडपांवर उतरतात. थांबा, दगडावर उभं राहा, जाऊ द्या.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. 'अ‍ॅगनीज' ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "चढण्याची भीती नाही, उतरताना तुला माझं ओझं होईल." वीकेंडचा बेत रद्द केला आहे, बुधवारची रजा टाकली.

पाऊलवाट
जाऊन आलो. बुधवारी पहाटे चारला निघालो, उजाडायच्या सुमारास लाफाएट प्लेसला पोचलो, जागा सहज मिळाली. बाबा आणि मी क्लाउडलँड फॉल्सपर्यंत गेलो. गुडघा तोवर ठीक होता, पण पुढचे खडक ओले होते. ठरल्याप्रमाणे तिथूनच परत. आई खाली नदीकाठी थर्मासमधला चहा घेऊन बसली होती. दुपारी तिघेही माउंट विलर्डला. आई माथ्यापर्यंत आली! अधेमधे थांबत, दीड तासात. वरून दरी बघताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग खिशातून मेपलचं एक लाल पान काढून म्हणाले, हे नाशिकला पोथीत ठेवणार.