अनुभव धागा: प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय दिसावं?

चिंचगूळ
एका क्लायंटला रेडमाइनमध्ये (प्रोजेक्टची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) दुसऱ्या क्लायंटच्या माणसांची नावं दिसली, हे आज वाचलं आणि या विषयातल्या सगळ्या जुन्या खाचाखोचा आठवल्या. म्हणून धागा.

रोल (प्रोजेक्टमधली भूमिका, तिच्यावर हक्क ठरतात) उघडला की परमिशनच्या लांबलचक यादीच्या वरच 'युजर्स व्हिजिबिलिटी' असतं. तिथे 'ऑल ॲक्टिव्ह युजर्स' असेल तर सगळी नावं दिसतात. 'मेंबर्स ऑफ व्हिजिबल प्रोजेक्ट्स' करायचं. मेख अशी की माणूस पाच प्रोजेक्टमध्ये असेल आणि त्यातल्या एकाच रोलवर 'ऑल' राहिलं, तरी त्याला सगळेच दिसतात. त्यामुळे एक रोल दुरुस्त करून थांबू नका. तुम्ही काय काय बंद करता, तेही लिहा.

उगवतीवाला
त्याच्याही आधी दोन गोष्टी. नवा प्रोजेक्ट पब्लिकच तयार होतो, सेटिंग्जमध्ये प्रोजेक्ट्सच्या टॅबवर ती टिक काढा. आणि ऑथेंटिकेशनमध्ये लॉगिन सक्तीचं करा. नाहीतर पब्लिक प्रोजेक्टमध्ये मेंबर नसलेल्याला 'नॉन मेंबर' रोलचे आणि लॉगिनच न केलेल्याला 'ॲनॉनिमस'चे हक्क मिळतात. हे दोन रोल कोणी उघडूनच बघत नाही!

रानजाई
+१. टिक काढली तरी आधीचे प्रोजेक्ट पब्लिकच राहतात. ते एकेक उघडून बदलावे लागतात.

सूतउवाच
क्लायंटच्या रोलला 'इश्यूज व्हिजिबिलिटी' मध्ये (इश्यू म्हणजे नोंदवलेली तक्रार किंवा काम) 'स्वतः केलेले किंवा स्वतःकडे असलेले' हा पर्याय देतात ना, त्यात एक अडचण. क्लायंट फोनवर तक्रार सांगतो, इश्यू आपला माणूस टाकतो. लेखक आपला माणूस, म्हणून क्लायंटला तो दिसतच नाही. त्याच्याकडे असाइन केला की दिसतो, पुढच्याकडे गेला की परत गायब. मग क्लायंट म्हणतो, माझी तक्रार पुसली. त्यापेक्षा क्लायंटचा वेगळा सबप्रोजेक्ट करा, त्यात त्याला सगळं दिसू द्या आणि आतलं बोलणं प्रायव्हेट नोटमध्ये ठेवा. सबप्रोजेक्टवर 'इनहेरिट मेंबर्स' ची टिक तपासा, नाहीतर वरच्या प्रोजेक्टची सगळी माणसं खाली उतरतात.

चिंचगूळ
@सूतउवाच हे फार महत्त्वाचं. शिवाय क्लायंटच्या रोलवरून 'व्ह्यू चेंजसेट्स' (कोडमधले बदल बघणं) काढा. कमिटमध्ये (जमा केलेल्या कोडच्या नोंदीत) इश्यूचा नंबर असेल तर तो मेसेज इश्यूखालीच दिसतो. डेव्हलपरनी तिथे काय लिहून ठेवलंय ते क्लायंटनं वाचायची गरज नाही.
कुकर झाला, उरलेलं नंतर.

पैलतीर
आमच्याकडे जिरा (असंच दुसरं सॉफ्टवेअर) आहे, हेच लागू का?

उगवतीवाला
@पैलतीर तत्त्व तेच: हक्कांची बेरीज होते, वजाबाकी नाही. एका रोलमध्ये मिळालेलं दुसऱ्या रोलनं काढता येत नाही. जिरामध्ये आधी 'ब्राउझ प्रोजेक्ट्स' (प्रोजेक्ट बघण्याचा हक्क) कोणाला दिलंय ते बघा. तिथे 'एनी लॉग्ड इन युजर' असेल तर बाकी हक्क कितीही आवळा, प्रोजेक्ट दिसतोच. ते काढून प्रोजेक्ट रोल टाका. पण परमिशन स्कीम (कोणाला कोणता हक्क, याचा संच) अनेक प्रोजेक्टना एकच जोडलेली असते, म्हणून आधी तिची कॉपी करा, आपल्या प्रोजेक्टला ती जोडा आणि मगच हात लावा. मूळ स्कीम बदलली की भलत्याच टीमचं काम अडतं.

बिल्वदल
फ्री प्लॅनवर यातलं काही बदलता येत नाही, हे आधी सांगा त्यांना. टीम-मॅनेज्ड (टीम स्वतःच सांभाळते तो) प्रोजेक्ट असेल तर स्कीमही नाही, ओपन, लिमिटेड, प्रायव्हेट एवढंच.

आणि इश्यू सिक्युरिटी (इश्यू ठरावीक लोकांनाच दाखवणारी लेव्हल) लावाल तर चार गोष्टी लागतात: स्कीम जोडलेली, फील्ड स्क्रीनवर, 'सेट इश्यू सिक्युरिटी' चा हक्क, आणि डिफॉल्ट लेव्हल. डिफॉल्ट विसरलात तर नवे इश्यू उघडेच. जुन्यांना बल्क चेंजनं (अनेक इश्यू एकदम बदलून) लेव्हल द्यायची. सबटास्क (इश्यूखालचं उपकाम) पालक इश्यूची लेव्हल घेतो, त्याची वेगळी नसते.

पैलतीर
बापरे. धन्यवाद _/\_ एकाला दिसतंय नि एकाला नाही, ते का हे कसं शोधायचं?

बिल्वदल
जिरातलं परमिशन हेल्पर. युजर, इश्यूचा नंबर, परमिशन टाका, कारण सांगतो. ॲडमिन हक्क लागतात.

रानजाई
अवांतर: परमिशनला मराठीत काय म्हणावं? 'परवानगी' एकदाच मागून मिळते असं वाटतं.

सूतउवाच
'मुभा' छान आहे. बघण्याची मुभा, बदलण्याची मुभा.

रानजाई
मुभा! घेतला.

गोदाकाठ
मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सर्व्हरवाल्यांनी मात्र बेरजेच्या भरवशावर राहू नये. तिथे 'डिनाय' (मनाई) आहे आणि तो सगळ्या 'अलाव'वर (मुभा) भारी पडतो. माणूस चार ग्रुपमध्ये असला आणि एकात डिनाय असला तरी संपलं. म्हणून नको असेल तिथे डिनाय न लावता दोन्ही चौकोन रिकामे सोडावेत.

चिंचगूळ
आले परत. रेडमाइनमध्ये वर्कफ्लोतल्या (इश्यूच्या टप्प्यांचे नियम) 'फील्ड्स परमिशन्स' मध्ये तारीख रीड-ओन्ली केली तरी काहींना बदलता येते, त्याचं कारणही बेरीजच. माणसाला दोन रोल असतील तर रीड-ओन्ली दोन्हींत लागते. आणि तिथे फील्ड लपत नाही, फक्त कुलूपबंद होतं. कस्टम फील्ड (आपण स्वतः जोडलेला रकाना) ठरावीक रोलनाच दाखवता येतं, म्हणून दर आणि रकमा त्यातच ठेवा.

गोदाकाठ
रेडमाइनमध्ये माणूस सोडून गेला की डिलीट करू नका, लॉक करा. डिलीट केलं की त्यानं टाकलेले इश्यू 'ॲनॉनिमस'च्या नावावर जातात, मग कोणी काय सांगितलं होतं ते शोधता येत नाही. लॉक केलं की लॉगिन आणि एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला त्याच्या नावानं आत येण्याची किल्ली), दोन्ही बंद.

पैलतीर
ग्रुपमधून आलेला रोल मेंबरच्या यादीत काढता येत नाहीये, टिक फिकट दिसतेय. रेडमाइनच, दुसऱ्या टीमचं.

उगवतीवाला
ग्रुपमधूनच काढावं लागेल. पण ग्रुप अजून कुठल्या प्रोजेक्टमध्ये आहे ते आधी बघ, तिथलाही ॲक्सेस जाईल. नंतर फक्त तो एकच रोल दिलेला चाचणी युजर करून वेगळ्या ब्राउझरमध्ये लॉगिन कर. ॲडमिनच्या लॉगिनमधून सगळंच दिसतं, त्यावरून काही कळत नाही.