‘कार्योत्तर मान्यता’, ‘अवलोकनार्थ’, ‘कायम करणे’ : विषयपत्रिकेतील शब्दांचे नेमके अर्थ

प्रश्न (परभणी) : मी संलग्न महाविद्यालयात शिकवतो आणि यंदा प्रथमच विद्यापीठाच्या विद्या परिषदेवर (अभ्यासक्रम व शैक्षणिक बाबींचे निर्णय घेणाऱ्या मंडळावर) निवडून आलो आहे. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका चाळताना असे दिसले की, काही विषयांच्या शेवटी ‘मान्यता देणे’, काहींच्या शेवटी ‘कार्योत्तर मान्यता देणे’ आणि बऱ्याच विषयांपुढे नुसते ‘अवलोकनार्थ’ लिहिलेले आहे. जुन्या सदस्यांना विचारले, तर ‘सगळं एकच असतं सर, हात वर करायचा’ असे उत्तर मिळाले. या शब्दांत खरोखर काही फरक आहे का?

उत्तर (अंबाजोगाई) : फरक आहे, आणि तो मोठा आहे. ‘कार्योत्तर’मधील ‘उत्तर’ म्हणजे ‘नंतरचा’. मरणोत्तर, स्वातंत्र्योत्तर या शब्दांत तो आपण रोज वापरतो. म्हणजे काम आधीच होऊन गेलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 याच्या कलम 12(7) नुसार तातडीची कारवाई आवश्यक आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर कुलगुरू प्राधिकरणाची (म्हणजे विद्या परिषदेसारख्या अधिकृत मंडळाची) बैठक होण्याची वाट न पाहता ती करू शकतात. मात्र एरवी तो विषय ज्या प्राधिकरणाकडे आला असता, त्याला ती कळवावी लागते. 1994 च्या कायद्यात हीच तरतूद कलम 14(7) मध्ये होती, म्हणून जुनी मंडळी अजूनही ‘चौदा-सात लावलं’ असे म्हणतात. कुलगुरू आणि प्राधिकरण यांच्यात मतभेद झाल्यास विषय कुलपतींकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. याचा सरळ अर्थ असा की, कार्योत्तर मान्यता नाकारता येते. ‘झालेच आहे, आता काय करणार’ हा अर्थ आपल्या सवयीने त्या शब्दाला चिकटवलेला आहे. अशा विषयावर सदस्याने पहिला प्रश्न निर्णय चांगला की वाईट हा विचारू नये. तातडी कोणती होती, हे विचारावे. मधल्या काळात बैठक झालेली असूनही विषय तिच्यापुढे आला नसेल, तर तातडी हा शब्द तिथेच लंगडा पडतो.

उत्तर (नांदेड) : ‘अवलोकनार्थ’बद्दल थोडे. हा शब्द कार्यालयीन टिपणीतून विषयपत्रिकेत आला आहे. कनिष्ठाने वरिष्ठापुढे कागद ठेवताना ‘अवलोकनार्थ सविनय सादर’ असे लिहायचे, ही कार्यालयातील रीत असून तिथे तो आदराचा शब्द आहे. विषयपत्रिकेत मात्र त्याचा अर्थ ‘वाचा, मत मागितलेले नाही’ असा होतो. समितीचे अहवाल, शासन निर्णय, परिपत्रके अशा गोष्टी या सदरात ठेवणे योग्यच आहे. पण अभ्यासक्रमातील बदल या शब्दाखाली आला, तर सावध व्हावे, कारण तो विद्या परिषदेच्या मूळ अधिकारातला विषय आहे. (‘माहितीस्तव’ हा त्याचाच भाऊ, त्यावर वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.)

उत्तर (लातूर) : ‘इतिवृत्त कायम करणे’ हा तेवढाच फसवा प्रयोग आहे. ‘कायम’ मूळ अरबी असून मराठीत त्याचा पहिला अर्थ ‘नेहमीसाठी’ असा लागतो. त्यामुळे इतिवृत्त कायम केले म्हणजे त्यातील निर्णयांवर पुन्हा शिक्का मारला, असे अनेकांना वाटते. वास्तविक त्या वेळी सदस्य एवढेच सांगत असतात की, मागील बैठकीत जे घडले ते बरोबर नोंदवले आहे. म्हणून त्या टप्प्यावर जुना वाद उकरून काढता येत नाही. पण आपण नोंदवलेला विरोध इतिवृत्तात नसेल आणि ‘सर्वानुमते’ असे छापले असेल, तर बोलण्याची योग्य वेळ तीच असते. विरोध करून बाहेर पडणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत. तो कागदावर उतरला की नाही, हे पाहणारे थोडे.

उत्तर (धाराशिव) : वरील सर्वांशी सहमत आहे, पण माझ्या मते खरा घोळ ‘प्रशासन’ या शब्दाचा आहे. कायद्यात विद्यापीठाचे अधिकारी वेगळे आणि प्राधिकरणे वेगळी आहेत. कुलगुरू, कुलसचिव हे अधिकारी; अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळे ही प्राधिकरणे. तरीही विद्या परिषदेतच बसून आपण ‘प्रशासनाकडे मागणी करतो’ असे म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तसेच छापून येते. मागणी बाहेरचा माणूस करतो. सदस्य प्रस्ताव मांडतो, त्यावर ठराव होतो. मराठवाड्यात विद्यापीठ मोर्चे आणि निवेदने यांतून मिळवावे लागले, त्यामुळे निवेदनाची भाषा आपल्या तोंडी सहज येते, असा माझा तर्क आहे. दाराबाहेर ती भाषा शोभते. आत बसल्यावर तीच वापरली की आपणच आपला अधिकार अर्जदाराच्या पातळीवर आणतो.

प्रश्न (परभणी) : मॅडम, मग एखादा ‘अवलोकनार्थ’ विषय चर्चेला घ्यायचा असल्यास नेमके काय म्हणावे?

उत्तर (धाराशिव) : ‘या विषयावर प्रकाश टाकावा’ अशी विनंती करू नका. त्यावर खुलासा मिळतो आणि विषय संपतो. ‘हा विषय अवलोकनार्थ न ठेवता चर्चा व निर्णयासाठी घ्यावा, असा प्रस्ताव मी मांडतो,’ असे म्हणावे. अनुमोदन देणारा सदस्य आधीच ठरवून ठेवावा आणि बोललेले वाक्य लेखी स्वरूपात त्याच बैठकीत सचिवांकडे द्यावे. विद्या परिषदेचे सचिव कुलसचिवच असतात, त्यामुळे कागदाची पोच मागण्यास संकोच करू नये.