"मागचं विसरा" म्हणजे उधारीही विसरायची का?

धुऱ्यावरची बाभूळ
नवीन वर्षाच्या भक्तीला आपल्याकडच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, बायबलमधलं फिलिप्पै 3:13 हमखास निघतं. मागचं विसरून पुढं धावायचं. पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं काय विसरतोय? जरा वर वाचा: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा. ही मोठेपणाची यादी आहे. त्यानं केलेला मंडळीचा छळही त्यात आहे, पण तो जुन्या आवेशाचा दाखला म्हणून. आणि छळ तो कधीच विसरला नाही. 1 करिंथ 15:9 आणि गलती 1:13 मध्ये स्वतःच्याच तोंडानं सांगतो. म्हणून माझं मत असं की, ज्याचं घेतलं त्याचं परत केल्याशिवाय हे वचन तोंडी आणू नये.

परत किती द्यायचं त्याचं माप बायबलच्या गणना 5:7 मध्ये आहे. मुद्दल, वर पाचवा हिस्सा. काट्यात दांडी मारून 20 किलो कापूस जास्त घेतला असेल, तर 24 किलोचे पैसे. भाव तेव्हाचा की आजचा, यावर लोक वर्षभर घोळ घालतात. हिशोब किलोत ठेवा आणि आजच्या भावानं द्या, भांडणच उरत नाही. गुरं दुसऱ्याच्या वावरात चरली असतील तर निर्गम 22:5 म्हणतं, आपल्या वावरातलं उत्तम द्या. म्हणजे कोठीतली किडकी तूर मोजून द्यायची नाही.

वऱ्हाडी पोट्टा
काहून जी, 24 किलो देल्ले की पाप फिटलं काय? मंग क्रूस कायले पायजे होता? जक्कयाचं पाहा, लोकायले नाडणारा जकातदार, येशूले पाहाले झाडावर चढला. झाडाखाली उभा राहून येशू म्हणते, उतर, आज तुह्या घरी मुक्काम. हे लूक 19 चं 5 वं वचन. जक्कय चौपट देतो म्हणते ते 8 वं. आधी कृपा, मंग हिशोब. तुमी उलटं लावून रायले. अन् ज्याच्या घरात दाणा नाई त्यानं काय सावकाराकडून काढून परत द्यावं?

धुऱ्यावरची बाभूळ
क्रम मान्य. पण "आज या घराला तारण झालं" हे 9 वं वचन आहे, 8 व्याच्या नंतरचं. आणि चौपट त्याला कोणी मागितलं नव्हतं. ते निर्गम 22:1 मधलं मेंढी चोरून कापणाऱ्याचं माप, त्यानं आपणहून लावून घेतलं.
सावकाराकडून मुळीच काढू नये, त्यात बायकापोरांचा घास जातो. कापूस विकला की हप्ता द्यावा. मात्र हप्ता किती, हे समोरच्याशी बोलून ठरवायचं, आपणच परस्पर नाही.

मागचा बाक
आम्हा कॅथलिकांत हा घोळ कमी. मनाचा शोध, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांपुढे पापनिवेदन, क्षमा, मग प्रायश्चित्त. चोरीचा माल परत करणं त्यात सुटत नाही. आणि ऐकलेलं फादर बाहेर काढू शकत नाहीत, आमच्या चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेचं कलम 983. तुमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत साक्षीच्या नावाखाली माईकवर कबुली होते, त्यात दुसऱ्या बाईचं नावही निघतं आणि संध्याकाळपर्यंत पानटपरीवर पोचतं. तिनं काय कबूल केलं होतं?

वऱ्हाडी पोट्टा
हे बराबर बोलले. माईक नाई पायजे. पण फादरले सांगून मोकळं, अन् ज्याचं वावर चारलं त्याले तोंड दाखवाचं नाई, असंही होते ना?

मागचा बाक
होतं. नाकारत नाही.

अंजिराचं झाड
तुम्ही सगळे ज्यानं चूक केली त्याच्याच बाजूनं बोलताय. मार खाल्लेल्या बाईला "सत्तर वेळा सात वेळा" सांगून त्याच घरी परत पाठवणं बंद करा. मत्तय 18:22 क्षमेबद्दल आहे, मुक्कामाबद्दल नाही.

आणि माफी मागायला जाताना बहुतेक बिघाड तीन ठिकाणी होतो. "चुकलं असेल तर" म्हणतात. त्यातला "तर" हा शब्द काढा. पाळकाला सोबत नेतात, मग समोरच्याला नाही म्हणता येत नाही. "प्रभूनं मला माफ केलं, आता तुम्हीही करा" हे तर फारच वाईट, कारण त्याचं उत्तर तुम्हीच ठरवून टाकलं. एकटं जा, दिवसा जा, काय केलं ते दोन वाक्यांत सांगा, रक्कम ठेवा आणि उठा. तो बोलला नाही तरी. धुरा, म्हणजे वावराचा बांध, सरकवला असेल तर माफीनं धुरा मागं जात नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, फी तुम्ही भरा, आणि खुणा लागतील तिथं धुरा नेऊन घाला.

हे झाल्यावरही तेच पाप दर रविवारी पुन्हा कबूल करणारे असतात. त्यांना 1 योहान 1:9 पुरे: पाप कबूल केलं की देव क्षमा करतो. तिथं हप्ता नाही.

वऱ्हाडी पोट्टा
अन् ज्याचं घेतलं तो मेला असंन तं?

धुऱ्यावरची बाभूळ
गणना 5:8. आधी वारस, कोणीच नसेल तर देवाचं. वारस जमिनीच्या फेरफार नोंदीत सापडतात. लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं पण पाहा, त्यांचाच हिस्सा लोक सोडून देतात.