शेक्सपियरची नाटके ‘मूळ उच्चारां’त करावीत का?

शब्दवेधी:
लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २००४ साली ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणि पुढच्या वर्षी ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी पुनर्रचना केलेल्या एलिझाबेथकालीन उच्चारांत सादर झाले. असे प्रयोग अपवाद न राहता नेहमीचे व्हावेत, असे माझे मत आहे. शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळणारी जी इंग्रजी आपण शेक्सपियरची म्हणून ऐकतो, ती लंडनमध्ये प्रतिष्ठित झाली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. उच्चार बदलले की नाटकातला मजकूरही हरवतो. ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ या विनोदी पात्राकडे कारण मागितले जाते, तेव्हा तो म्हणतो की कारणे ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी जबरदस्तीने मी कोणाला एकही देणार नाही. येथे फळ कुठून आले, हे आजच्या प्रेक्षकाला कळत नाही; पण तेव्हा ‘रीझन’ (कारण) हा शब्द ‘रेझन’ असा, म्हणजे मनुक्यासाठीच्या ‘रेझिन’ या इंग्रजी शब्दासारखाच ऐकू येत होता.

खडूस वाचक:
कोटीवरून उच्चार सिद्ध करायचा आणि मग त्याच उच्चारावरून कोटी समजावून सांगायची, हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. यमकांचेही तेच. शेक्सपियरच्या ११६व्या सुनीताच्या शेवटी आज न जुळणारे ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘लव्ह्ड’ जुळवले आहेत खरे, परंतु कवी जुन्या परंपरेतली यमके उच्चार बदलल्यावरही वापरत राहतात.

शब्दवेधी:
पुरावा केवळ नाटकातला नाही. जॉन हार्ट यांनी १५६९ साली, म्हणजे हे नाटक लिहिले जाण्याच्या पाव शतकाहून अधिक आधी, उच्चारानुसारी लिपी सुचवली आणि तिच्यात मनुक्याच्या शब्दातला संयुक्त स्वर साधा दीर्घ ‘ए’ म्हणून नोंदवला. ‘र’साठी शेक्सपियरचे समकालीन नाटककार बेन जॉन्सन यांची साक्ष आहे: १६४०मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या व्याकरणात हा वर्ण आरंभी ठाम आणि मध्ये व शेवटी अधिक तरल, असे म्हटले आहे. तरल म्हणजे लुप्त नव्हे.

टेम्सकाठी:
एक पुस्ती. याच ‘र’च्या आधारे आजची अमेरिकन इंग्रजी म्हणजेच शेक्सपियरची इंग्रजी, असे सर्रास ठोकून दिले जाते. ‘र’ आयर्लंडने राखला, नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हनने राखला, आपणही ‘कार’ म्हणताना राखतो. तेवढ्याने कोणी एलिझाबेथकालीन ठरत नाही. स्वर सगळीकडेच पुढे सरकले, अमेरिकेतही.

खडूस वाचक:
हार्टना आणलेत, तर अलेक्झांडर गिल यांनाही बोलवा. सेंट पॉल शाळेच्या या मुख्याध्यापकांनी १६१९च्या आपल्या ग्रंथात नेमक्या त्या स्वराचा जुना संयुक्त उच्चार शुद्ध मानला, आणि हार्ट आपल्या अक्षरांनी लोकांच्या बोलण्यामागे जाण्याऐवजी त्याला आपल्यामागे ओढू पाहतात, असा ठपका ठेवला. एकाच भाषेचे दोन जाणकार साक्षीदार आणि जबान्या दोन! शिवाय जॉर्ज पटनम १५८९मध्ये कवींना दरबाराची आणि लंडनभोवतीच्या साठ मैलांतली बोली वापरायला सांगतात. त्यापलीकडे लोक वेगळे बोलत होते, म्हणूनच ना? वॉल्टर रॅले राणीच्या मर्जीतले, पण चरित्रकार जॉन ऑब्रींच्या टिपणांनुसार ते मरेपर्यंत ठसठशीत डेव्हनी ढंगातच बोलत. मग ‘मूळ’ उच्चार कोणाचा धरायचा? जाहिरातीत ‘एक शक्य उच्चार’ असे लिहावे. माझी तक्रार संपली.

शब्दवेधी:
तसे लिहायला माझी हरकत नाही, कारण ही पुनर्रचना ‘शक्य’ याहून अधिक असल्याचा दावा क्रिस्टल स्वतःही करत नाहीत. ग्लोबच्या नटांचे आपापले प्रादेशिक हेलही त्यांनी त्यात राहू दिले होते. गिल यांची जबानी मला खोटी वाटत नाही, ती शाळामास्तरांच्या पसंतीची वाटते, आणि फॉल्स्टाफ दारूच्या गुत्त्यात बोलतो आहे. तेथे हार्ट यांचाच स्वर हवा. गिल यांच्या उच्चारात ते वाक्य म्हटले, तर ब्लॅकबेरी पुन्हा अधांतरीच राहतात.